महाकाल : जिथे रेल्वे थांबत नाही, तिथला भयपट

१/
हिंदी चित्रपटाच्या इतिहासात १९९४ हे वर्ष कशासाठी ओळखले जाते, असे कोणालाही विचारा. 'हम आपके हैं कौन..!' हे नाव पहिल्या श्वासात येईल. त्याच वर्षाच्या आरंभी, फेब्रुवारीत, आणखी एक चित्रपट पडद्यावर आला होता. दोन्ही चित्रपटांत नायिकेची आई एकाच अभिनेत्रीने साकारली आहे : मराठी रंगभूमीवरून आलेल्या रीमा लागू. एका घरात लग्नाची धामधूम आहे. दुसऱ्या घरातील मुलगी झोपायला घाबरते, कारण स्वप्नात झालेली जखम जाग आल्यावरही अंगावर राहते. पहिला चित्रपट घराघरांत पाठ आहे. दुसऱ्याचे नाव आहे 'महाकाल'.

२/
आजचा थ्रेड या दुसऱ्या चित्रपटाविषयी आहे. रामसे बंधूंचा हा स्वस्तातला स्लॅशरपट 'इंग्रजी चित्रपटाची नक्कल' या तीन शब्दांत निकालात काढला जातो. नक्कल तर ती आहेच. त्याविषयी दुमत नाही. पण नक्कल करताना त्यात काय बदलले, ती कोणासाठी केली आणि तो प्रेक्षक आपल्या इतिहासातून कसा गळला, हे तीन प्रश्न विचारले की हा चित्रपट अपेक्षेपेक्षा बराच मोठा ठरतो. त्यासाठी लॉस एंजेलिस, कराची, महाबळेश्वर आणि धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी अशा चार ठिकाणी जावे लागेल.

३/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. भयपटांच्या अनेक शाखा आहेत. स्लॅशर ही त्यातील एक. त्यात एक खुनी असतो, बहुधा विद्रूप किंवा मुखवटा घातलेला. तो धारदार हत्याराने तरुण मुलामुलींच्या टोळक्याला एकेक करून संपवतो आणि शेवटी बहुतेक वेळा एक मुलगी त्याच्यासमोर उभी ठाकते. या प्रकाराची बीजे हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) सापडतात. घाट पक्का केला तो जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'ने (१९७८). 'हॅलोवीन'चा खर्च सुमारे तीन लाख डॉलर होता आणि केवळ अमेरिकेत त्याने चार कोटींहून अधिक डॉलर मिळवले. म्हणजे अल्प भांडवल हा स्लॅशरचा जन्मगुण आहे. तारे नकोत, महाल नको. काळोख, एक हत्यार आणि नेमका क्षण पुरेसा होतो.

४/
'महाकाल'चे मूळ आहे वेस क्रेव्हन यांचा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (१९८४). हाही वीस लाख डॉलरांहून कमी खर्चात झाला आणि त्याने न्यू लाइन सिनेमा ही छोटी कंपनी उभी केली. मात्र त्याची कल्पना जिथून आली ती हकीकत इतिहासाच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. १९७५ नंतर लाओस देशातून ह्मोंग जमातीचे हजारो निर्वासित अमेरिकेत आले. त्यांच्यातील धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेत अचानक दगावू लागले. वैद्यकीय कारण स्पष्ट होईना. 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये त्याच्या बातम्या आल्या आणि त्या क्रेव्हन यांच्या वाचनात आल्या. झोपेला घाबरणाऱ्या माणसाची गोष्ट तिथे सुरू झाली.

५/
म्हणजे ज्याला आपण 'हॉलिवूडची कल्पना' म्हणतो, तिच्या मुळाशी युद्धाने उखडलेल्या, परक्या देशात येऊन पडलेल्या गरीब माणसांचे मरण आहे. भीतीला पारपत्र लागत नाही. ती माणसांबरोबर हिंडते. ज्या कुटुंबाने ही गोष्ट हिंदीत आणली, तेही असेच एका फाळणीने उखडलेले कुटुंब होते.

६/
फतेहचंद रामसिंघानी हे कराचीतील सिंधी गृहस्थ. त्यांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर 'रामसिंघानी' बसेना, म्हणून त्याचे 'रामसे' झाले. १९४७ ला देश तुटला. कुटुंब मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले. पुढे ते चित्रपटनिर्मितीत उतरले. 'रुस्तम सोहराब' (१९६३) हा त्यांचा मोठा चित्रपट. पृथ्वीराज कपूर आणि सुरैया त्यात होते. नंतर आलेला 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' (१९७०) मात्र आपटला.

७/
कुटुंबाचे नशीब या आपटलेल्या चित्रपटाने बदलले. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात, असा एक प्रसंग आहे. चित्रपट चालत नव्हता, पण त्या एका प्रसंगाला प्रेक्षक दाद देत होते. रामसेंच्या मुलांनी ते हेरले आणि वडिलांपुढे प्रश्न ठेवला : लोकांना भ्यायला आवडत असेल, तर अख्खा चित्रपटच भीतीचा का करू नये?

८/
उत्तर होते 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२). चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरात झाले. खर्च सुमारे साडेतीन लाख रुपये. मोजकी माणसे बसमध्ये बसून डोंगरावर गेली, सरकारी विश्रामगृहात उतरली आणि घरच्या स्त्रियांनी सगळ्यांचा स्वयंपाक केला. सात भाऊ हेच सारे तंत्रज्ञ : कुमार लेखक, गंगू छायाचित्रणकार, किरण ध्वनी सांभाळणारे, अर्जुन संकलक, केशू निर्मिती आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शक. मराठी तमाशाचा फड किंवा सर्कस जशी एका घराण्याच्या कष्टावर चालते, तसाच हा कारखाना होता. चित्रपट तुफान चालला.

९/
पुढील सुमारे दोन दशकांत 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाज़ा' (१९९०) असे भयपट येत राहिले. ते कोठे चालत? इथे वितरणाचे गणित समजून घ्यावे लागेल. चित्रपट व्यवसायात गावांची प्रतवारी होती : मोठी शहरे म्हणजे 'ए' केंद्रे, मध्यम गावे 'बी' आणि त्याखालची 'सी'. मोठ्या ताऱ्यांचे चित्रपट 'ए' केंद्रांवर कमाई करीत. रामसेंची कमाई 'बी' आणि 'सी' केंद्रांवर होती. जिथे रेल्वेसुद्धा थांबत नाही अशा ठिकाणी आमचे चित्रपट चालतात, या आशयाचे रामसेंचे सांगणे प्रसिद्ध आहे.

१०/
आता बेंबळीकडे येऊ. बेंबळी हे धाराशिव तालुक्यातील गाव. येथे रेल्वे नाही, पण त्याहून मोठी गोष्ट पाहा. 'महाकाल' आला तेव्हा उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या मुख्य शहरातसुद्धा रेल्वे येत नव्हती. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट येडशी, ढोकी, मुरूड करीत १९११ साली लातूरला पोहोचली. शहर मात्र बाजूलाच राहिले. ब्रॉडगेज होताना मार्ग वळवला गेला आणि २००७-०८ च्या सुमारास शहराला स्थानक मिळाले. 'जिथे रेल्वे थांबत नाही' हे शब्द या भागासाठी अलंकारिक नव्हते. ते साधे वर्णन होते.

११/
आणखी एक मौज. चित्रपट वितरणाच्या नकाशात देशाचे विभाग पाडलेले आहेत आणि त्यात मराठवाडा 'मुंबई' विभागात येत नाही. तो येतो 'निझाम' विभागात! सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. निझाम गेला, त्याचे राज्य गेले. तरी चित्रपटांच्या पेट्या कोणत्या वाटेने यायच्या हे ठरवणाऱ्या व्यवहारात ते संस्थान दशकानुदशके जिवंत राहिले. सत्तेच्या सीमा पुसल्या गेल्या तरी व्यापाराच्या सीमा रेंगाळतात, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

१२/
गावोगावच्या प्रेक्षकांसाठी दोन साधने होती. पहिले म्हणजे टुरिंग टॉकीज : जत्रेत तंबू ठोकायचा, ट्रकमध्ये प्रोजेक्टर, कर्ण्यावरून पुकारा, जमिनीवर बसून खेळ. महाराष्ट्रातील या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. दुसरे साधन म्हणजे १९८० नंतर पसरलेला व्हिडिओ : भाड्याचा व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि रात्रभर तीन-चार कॅसेट. भयपट या दोन्ही ठिकाणी हमखास गर्दी खेचत. भाषेचे अवघडपण नाही, ताऱ्यांची ओळख असण्याची अट नाही. अंधारात शेजारच्याचा हात धरायला कोणीही शिकवावे लागत नाही.

१३/
'महाकाल'चा जन्म सुरळीत झाला नाही. श्याम आणि तुलसी रामसे यांनी त्याचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. इतक्यात त्याच अमेरिकन चित्रपटावर बेतलेला मोहन भाक्री यांचा 'खूनी मुर्दा' (१९८९) बाजारात आला. रामसेंनी आपला चित्रपट बाजूला ठेवला. तो पडद्यावर पोहोचेपर्यंत १९९४ उजाडले होते. तोवर रामसेंचा भयाचा बाजारच बदलला होता : १९९३ पासून त्यांचाच 'ज़ी हॉरर शो' दूरचित्रवाणीवर घरबसल्या फुकट भीती देऊ लागला होता. चित्रपटाला स्वतःच्याच कुटुंबाशी स्पर्धा करावी लागली.

१४/
कथा अशी. अनिता (अर्चना पूरणसिंग) या महाविद्यालयीन मुलीला स्वप्नात एक जळक्या चेहऱ्याचा माणूस दिसतो. त्याच्या हातमोज्याला पोलादी नख्या आहेत. जाग आल्यावर दंडावर खरी जखम असते. मैत्रिणीलाही तेच स्वप्न पडते आणि ती मारली जाते. हा शाकाल पूर्वी मुलांचे बळी देणारा मांत्रिक होता. अनिताची बहीण मोहिनी त्याच्या तावडीत सापडून मेली. अनिताचे वडील (कुलभूषण खरबंदा) पोलीस अधिकारी. त्यांनी शाकालला स्वतःच संपवले, गाडले आणि ही गोष्ट घरातच पुरून टाकली. ज्याला जमिनीत गाडले, तो मुलीच्या झोपेतून वर आला.

१५/
मूळ चित्रपट पाहिलेल्यांनी इथे थांबावे. तिथे खुनी न्यायालयातून तांत्रिक कारणाने सुटतो आणि वस्तीतील पालक मिळून त्याला जाळतात. ते सबंध वस्तीचे गुपित असते. रामसेंनी ते एका घराचे गुपित केले. पोलीस बापापुढे कायद्याची वाट होती, त्याच्या अंगावर त्याच कायद्याची वर्दी होती आणि तरी त्याने सूड निवडला. बापाच्या दुःखाची बाजू आपल्याला कळते. तरीही त्याची किंमत मुलीला मोजावी लागते. थोरांनी झाकलेले पाप पोरांच्या वाट्याला येते, हा धागा आपल्या वाड्यांच्या, शापांच्या आणि पूर्वजांच्या कथांतून थेट आलेला आहे. परदेशी सांगाड्यावर अंगचे मांस चढले आहे.

१६/
हा काळही ध्यानात घ्यावा. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतील पहिले 'एन्काउंटर' म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यानंतर हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला, आणि हिंदी पडद्यावर कायदा हातात घेणारा पोलीस टाळ्या मिळवू लागला. 'महाकाल'चा त्या घटनेशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ज्या वर्षांत इतर चित्रपट असा सूड साजरा करीत होते, त्या वर्षांत एका 'सी' दर्जाच्या मानल्या गेलेल्या भयपटाने सूडाचा दुसरा अंक दाखवला : गाडलेले परत येते.

१७/
मग दोष नाहीत का? भरपूर आहेत. मूळ चित्रपट दीड तासाचा. हा दोन तासांहून लांब, कारण त्यात आनंद-मिलिंद यांची गाणी, मारामारी आणि जॉनी लिव्हरची मायकल जॅक्सनवरची नक्कल, सारे काही बसवायचे होते. काही प्रसंग चौकटीनिशी उचललेले दिसतात. तरीही स्वप्नांचे भाग पाहा : लाल-निळ्या दिव्यांनी भरलेली गुहा, जमिनीलगत सरपटणारे धुके. पैसा नव्हता, तेव्हा रंग आणि सावली कामाला लावली. शिवाय जागेपणीही अनिता सुरक्षित नाही. महाविद्यालयातील गुंड तिच्या मागे लागलेले असतात. झोपेत राक्षस आणि जागेपणी माणूस, असा दुहेरी वेढा तिच्याभोवती आहे. तो कितपत जाणूनबुजून घातला असेल याचा तर्क ज्याने त्याने करावा; पडद्यावर तो आहे.

१८/
तुलनेसाठी एक घरचे उदाहरण. १९९३ मध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'शी (१९८८) नाते सांगणारी. म्हणजे एकाच सुमारास मुंबईतील दोन चित्रपटकारांनी दोन अमेरिकन स्लॅशरपट इथल्या मातीत रुजवले. कोठारेंनी भीतीला विनोदाची जोड दिली. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची तारांबळ यांमुळे तात्या विंचू घराघरांत पोहोचला. त्याला कोणी नक्कल म्हणून हिणवत नाही, आणि ते योग्यच आहे. मग 'महाकाल'लाच वेगळा न्याय का? एक कारण मला दिसते : तात्या विंचूचा प्रेक्षक पुढे लिहिता झाला, शाकालचा प्रेक्षक लिहीत नव्हता.

१९/
आता या थ्रेडमधील सर्वांत गंभीर तारीख. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्हे हादरले. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेक झोपेत. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर आले. उन्हाळ्यात गारवा देणारे घरच मारेकरी ठरले. पुढे कित्येक महिने धक्के बसत राहिले आणि या भागातील माणसे छताखाली झोपायला धजत नव्हती. उघड्यावर, तंबूत, पत्र्याच्या शेडमध्ये रात्री काढल्या गेल्या.

२०/
त्यानंतर साडेचार महिन्यांनी 'महाकाल' प्रदर्शित झाला. त्याची कथा भूकंपाच्या कितीतरी आधी ठरलेली होती; योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावा. मात्र एक गोष्ट मोहाशिवाय म्हणता येते. 'झोपलो तर मरू' ही भीती समीक्षकांना बालिश वाटली, ती समीक्षकांच्या घरांची छते भक्कम होती म्हणून. लाओसच्या निर्वासितांसाठी ती भीती खरी होती. या जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावांसाठीही ती खरी होती. स्वस्त भयपट कशावर जगतो, तर ज्यांच्याजवळ भीती आहे पण ती सांगायला भाषा नाही, त्यांच्यावर.

२१/
शेवट अनपेक्षित आहे. १९९७ मध्ये दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले. पुढील दशकात एकपडदा चित्रगृहे आणि तंबू ओस पडू लागले. रामसेंचा प्रेक्षक चित्रगृहाबाहेर गेला. इकडे २००० नंतरच्या दशकात परदेशातील 'मोंडो मकाब्रो' या संस्थेने विचित्र, दुर्लक्षित चित्रपटांच्या मालिकेत रामसेंचे भयपट डीव्हीडीवर आणले. 'महाकाल'ही त्यात होता. आपण टाकलेली वस्तू परक्याने उचलून, पुसून, माहितीसह कपाटात मांडली. २०१७ मध्ये शाम्य दासगुप्ता यांनी रामसेंवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम रामसे २०१९ मध्ये वारले.

२२/
पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. ते घडवणारे पी. के. नायर यांचे मत होते की संग्राहकाने चित्रपटांत चांगला-वाईट असा भेद करू नये, सगळेच जपावे. कारण आजची रुची उद्याच्या अभ्यासकाचे हात बांधू शकत नाही. हाच नियम शिलालेखांना लागू आहे, बखरींना लागू आहे आणि भिंतीवर चिकटवलेल्या भडक पोस्टरलाही लागू आहे. राजवाड्यांचा इतिहास दप्तरांत मिळतो. जत्रेच्या तंबूत कोण कशाला घाबरले, याचे दप्तर कोणी ठेवलेले नाही.

२३/
म्हणून, वाचकमित्रहो, एक विनंती. गावी जाल तेव्हा आजोबांना, मामांना, चुलत्यांना विचारा : जत्रेत तंबू कोठे लागायचा, तिकीट किती होते, कोणता चित्रपट पाहून आल्यावर रात्री एकट्याने बाहेर जायची हिंमत झाली नाही? उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी मराठवाड्याच्या करमणुकीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ती वही एखाद्या ताम्रपटाइतकी मोलाची वाटेल.

आणि 'महाकाल' जमल्यास पाहा. हसू येईल तिथे मोकळेपणी हसा. फक्त बाप आपले गुपित सांगतो, त्या प्रसंगी क्षणभर हसणे थांबवा.

थ्रेड समाप्त. आपल्या गावच्या तंबूच्या आठवणी खाली जरूर लिहा.